विश्लेषण : ‘नोबेल’विजेत्या सच्छिद्र स्फटिकांत उत्प्रेरक टिकणार किती? खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेरच!

रसायनशास्त्राचे २०२५चे नोबेल पारितोषिक ८ ऑक्टोबर रोजी जाहीर झाले. सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांनी विकसित केलेल्या ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क्स’ची, म्हणजेच एमओएफची चर्चा तेव्हा जगभर झाली. वाळवंटातील हवेतून पाणी काढणारा, कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा पदार्थ अशी त्याची ओळख सर्वदूर पोहोचली. याच पदार्थांचा आणखी एक उपयोग मात्र बातम्यांत मागे पडला. तो म्हणजे उत्प्रेरकांना राहायला जागा देणे. औषधे, रंग आणि कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यांचा कचरा त्यामुळे कमी होऊ शकतो. या उपयोगावर तीन दशके संशोधन सुरू आहे. तरीही मोठ्या कारखान्यात त्याने अजून जम बसवलेला नाही. हे नेमके कुठे अडले? आणि संशोधनाचे यश ज्या मोजपट्टीने मोजले जाते, तीच चुकते आहे का?

उत्प्रेरकाला घर कशाला हवे?

उत्प्रेरक म्हणजे रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला प्रकार अभिक्रियेच्या द्रवात पूर्ण विरघळतो. त्याचा प्रत्येक रेणू कामाला लागतो, त्यामुळे काम नेमके आणि वेगाने होते. पण चहात विरघळलेली साखर जशी परत काढता येत नाही, तसा हा उत्प्रेरक काम झाल्यावर सहज वेगळा करता येत नाही. दुसरा प्रकार घन असतो. तो गाळून घेता येतो, पुन्हा वापरता येतो. मात्र त्याच्या पृष्ठभागावरचे अणूच काय ते काम करतात. आतले नुसतेच बसून राहतात.

प्रश्न पैशांचा आहे, तसाच आरोग्याचाही. पॅलेडियमच्या मदतीने कार्बनचे अणू एकमेकांना जोडण्याच्या पद्धतींना २०१०चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. आज कित्येक औषधांच्या निर्मितीत या पद्धती वापरल्या जातात. पण पॅलेडियम हा महागडा धातू. शिवाय तो औषधात उरून चालत नाही. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलेडियम शरीरात जाऊ नये, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे धातू आधी विकत घ्यायचा आणि नंतर तो काढून टाकण्यासाठी पुन्हा खर्च करायचा.

कचऱ्याचा हिशेबही बोलका आहे. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा तयार होतो, हे सांगणारा ‘ई-फॅक्टर’ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडला. त्यांच्या आकडेवारीनुसार तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ पेक्षा कमी, विशेष रसायनांत ५ ते ५०, तर औषधनिर्मितीत २५ ते १००हूनही अधिक होता. या कचऱ्यात मोठा वाटा असतो तो द्रावकांचा आणि शुद्धीकरणात वापरलेल्या पदार्थांचा. विरघळणाऱ्या उत्प्रेरकाची नेमकी कामगिरी आणि घन उत्प्रेरकाची सोय एकत्र आणता आली, तर हा आकडा खाली येऊ शकतो. एमओएफकडून अपेक्षा आहे ती हीच.

एमओएफ बनतात कसे?

धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे पुंजके म्हणजे सांधे आणि कार्बनी रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या दांड्या. बांधकामावर लोखंडी पाइप आणि क्लॅम्प जोडून परांची उभी करतात, तशी ही रचना तिन्ही दिशांना पसरते. दांड्यांमध्ये जी जागा उरते, ती म्हणजे छिद्रे.

मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी चेंडूंना भोके पाडून रेणूंच्या प्रतिकृती बनवताना, १९७४ मध्ये रॉबसन यांना ही कल्पना सुचली. ती त्यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन वापरून प्रत्यक्षात आणली. त्यांची रचना सुबक होती, पण ठिसूळ. १९९५ मध्ये याघी यांनी ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ हे नाव रूढ केले. कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा रचनेतून वायू आत-बाहेर करू शकतात, हे दाखवले. १९९९ मध्ये याघी यांच्या गटाने जस्तापासून बनवलेला ‘एमओएफ-५’ जाहीर केला. तो ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तरी कोसळत नव्हता.

या रचना आतून किती मोकळ्या असतात? अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बनलेल्या ‘एनयू-११०’ या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सात हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग असतो. चिमूटभर भुकटीत जवळपास एक फुटबॉल मैदान!

उत्प्रेरक आत बसवतात कसा?

याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, सांधाच कामाला लावणे. धातूच्या पुंजक्याची एखादी बाजू मोकळी ठेवली, तर तिथे येणाऱ्या रेणूवर अभिक्रिया घडते. जपानचे माकोतो फुजिता यांनी १९९४ मध्ये कॅडमियमच्या जाळीदार रचनेने अशी अभिक्रिया घडवून दाखवली होती. दुसरा मार्ग म्हणजे दांडीतच उत्प्रेरक गुंफणे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोहाला धरून ठेवणारी जी पॉर्फिरिन रचना असते, तशा रचना दांडी म्हणून वापरल्या जातात.

तिसरा मार्ग म्हणजे पोकळीत बाहेरचा पाहुणा आणून ठेवणे. हा पाहुणा पॅलेडियमचे नॅनोकण असू शकतात किंवा एखादे एन्झाइम. पण पोकळी मोठी आणि तिची दारे अरुंद, अशी स्थिती असेल तर? चाळीतल्या छोट्या खोलीत मोठा पलंग नेताना तो सुटा करून नेतात आणि आत जोडतात. इथेही तेच करतात. धातूचे क्षार आधी आत शिरवायचे आणि मग आतच त्यांचे कण बनवायचे. तयार झालेला कण दारापेक्षा मोठा असल्याने बाहेर निसटत नाही.

याच्या नेमकी उलट पद्धतही आहे. आधी मूर्ती बसवायची आणि मग भोवती मखर बांधायचे! ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ मध्ये एन्झाइमभोवती ‘झेडआयएफ-८’ या एमओएफचे कवच वाढवून दाखवले. एरवी उष्णतेने किंवा द्रावकाने निकामी होणारी एन्झाइमे या कवचात तग धरून राहिली.

झिओलाइट असताना हे कशाला?

सच्छिद्र पदार्थात उत्प्रेरण ही कल्पना नवी नाही. झिओलाइट ही सच्छिद्र खनिजे सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकातच सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात स्टिलबाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. याच कुळातले कृत्रिम झिओलाइट १९६०च्या दशकापासून जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत राबत आहेत.

झिओलाइटची छिद्रे मात्र सहसा एक नॅनोमीटरहूनही लहान असतात. पेट्रोलमधल्या लहान रेणूंना ती पुरतात. औषधांच्या मोठ्या रेणूंना तिथे शिरकाव नाही. एमओएफमध्ये दांडी लांब घेतली की खोली मोठी होते. फ्रान्समधील जेरार फेरे यांच्या गटाने २००५ मध्ये जाहीर केलेल्या ‘एमआयएल-१०१’मधील पोकळ्या सुमारे तीन नॅनोमीटरच्या आहेत. शिवाय दांड्यांवर हवे ते रासायनिक गट लावता येतात. झिओलाइट हे वीट-सिमेंटचे पक्के घर मानले, तर एमओएफ म्हणजे भिंती हव्या तशा हलवता येणारे घर. मुद्दा हा की, असे घर वादळात किती टिकते?

सर्वात ठळक यश कोणते?

सरीन, सोमान यांसारखे मज्जासंस्थेवर आघात करणारे विषारी वायू निष्प्रभ करणे, हे या क्षेत्रातले गाजलेले उदाहरण. सरीनने १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत आणि २०१३ मध्ये सीरियातील घौता येथे बळी घेतले. या विषातला फॉस्फरसला जोडलेला नेमका बंध पाण्याने तुटला, की त्याची मारकता संपते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जोसेफ हप आणि ओमर फरहा यांच्या गटांनी २०१५ मध्ये ‘एनयू-१०००’ या झिर्कोनियमयुक्त एमओएफने हे काम मिनिटांत होते, असे दाखवले. इथे झिर्कोनियमचे सांधेच उत्प्रेरक आहेत आणि तीन नॅनोमीटरच्या रुंद वाटा विषाच्या रेणूंना थेट त्यांच्यापर्यंत पोहोचवतात.

पण याच उदाहरणात मेखही दिसते. सुरुवातीचे प्रयोग द्रवात झाले आणि त्या द्रवात अल्कधर्मी पदार्थ मिसळलेला होता. सैनिकाच्या मास्कमध्ये किंवा कपड्यात असा द्रव कुठून आणणार? त्यामुळे पुढची काही वर्षे हे काम कापडावर, हवेतल्या बाष्पाच्या भरवशावर कसे होईल, यासाठी खर्ची पडली. उत्प्रेरक चांगला असणे आणि तो त्याच्या कामाच्या जागी चालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग अडते कुठे?

पहिली अडचण पाण्याची. गाजलेला ‘एमओएफ-५’ दमट हवेतच खराब होऊ लागतो. कोकणातल्या जुलै महिन्यात त्याचे काय होईल, हे सांगायला नको. यावर उत्तर मिळाले ते झिर्कोनियमचे. ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये बनलेला ‘यूआयओ-६६’ पाणी आणि उष्णता दोन्हींना पुरून उरतो.

दुसरी अडचण आगीची. तेलशुद्धीकरणात झिओलाइटवर कार्बनचा थर साचतो. तो सुमारे ७०० अंश तापमानाला जाळून टाकला, की उत्प्रेरक पुन्हा ताजा. एमओएफमधल्या दांड्या कार्बनच्याच असल्याने घाण जाळायला गेले तर घरही जळेल. त्यामुळे तेलशुद्धीकरणासारख्या कामात झिओलाइटची जागा एमओएफ घेतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांची जागा आहे ती कमी तापमानाला चालणाऱ्या, महागडी उत्पादने देणाऱ्या अभिक्रियांत.

तिसरी अडचण निर्मितीची. अनेक एमओएफ ‘डीएमएफ’ या द्रावकात बनवले जातात. हे द्रावक प्रजननक्षमतेला घातक मानले जाते आणि युरोपीय महासंघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर निर्बंध लागू केले आहेत. कचरा कमी करण्यासाठी आणलेला उत्प्रेरकच असा बनत असेल, तर हिशेब जुळत नाही.

खर्चाचीही तीच गत. ‘यूआयओ-६६’ची दांडी म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिस्टर कापड ज्यापासून बनते, तोच हा स्वस्त कच्चा माल. ‘एनयू-१०००’ची दांडी मात्र पायरीनपासून अनेक टप्प्यांत बनवावी लागते. शिवाय एमओएफ तयार होतात बारीक भुकटीच्या स्वरूपात. कारखान्याच्या नळकांड्यात भुकटी भरली तर प्रवाह तुंबतो. गोळ्या दाबून बनवल्या तर आतल्या पोकळ्या चेपतात.

‘पाच वेळा वापरला’ म्हणजे टिकला?

या क्षेत्रातल्या बहुतेक शोधनिबंधांत एक वाक्य हमखास भेटते. उत्प्रेरक गाळून पाच वेळा पुन्हा वापरला, कार्यक्षमतेत घट झाली नाही. हे वाक्य वाचताना सावध राहायला हवे.

समजा, ताजा उत्प्रेरक एखादी अभिक्रिया दोन तासांत पूर्ण करतो आणि प्रयोग मात्र बारा तास चालवला जातो. पाचव्या फेरीपर्यंत निम्मा उत्प्रेरक निकामी झाला, तरी उरलेला निम्मा चार तासांत काम उरकेल. बारा तासांनी मोजल्यावर उत्तर पुन्हा १०० टक्केच! तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडवायला दिवसभर दिला, तर हुशार आणि ढ विद्यार्थी एकाच रांगेत बसतात. टिकाऊपणा मोजायचा तर अभिक्रिया अर्धवट असतानाचा वेग प्रत्येक फेरीत मोजायला हवा. हा इशारा उत्प्रेरण क्षेत्रातल्या जाणकारांनी वारंवार दिला आहे, तरी जुनी सवय सुटलेली नाही.

दुसरा प्रश्न गळतीचा. धातू जाळीतून सुटून द्रवात विरघळला आणि तोच काम करत असेल, तर घर बांधण्याचा उपयोगच काय? यासाठी साधी चाचणी आहे. अभिक्रिया मध्यावर असताना गरम द्रव गाळून एमओएफ काढून टाकायचा. उरलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर उत्प्रेरक घर सोडून बाहेर पडला आहे, असे समजायचे. पण सुटलेला धातू थंड होताना पुन्हा जाळीवर जाऊन बसतो, असेही घडते. म्हणून गाळलेल्या द्रवातला धातू स्वतंत्रपणे मोजणेही आवश्यक ठरते.

तिसरा प्रश्न पत्त्याचा. नॅनोकण खरोखर पोकळीत आहेत की स्फटिकाच्या बाहेर चिकटले आहेत? याचीही सोपी परीक्षा म्हणजे दारातून आत मावणार नाही इतका मोठा रेणू देऊन पाहणे. त्याच्यावरही अभिक्रिया झाली, तर कण बाहेरच आहेत. या तीनही चाचण्यांना कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. लागते ती नकोसे उत्तर ऐकण्याची तयारी.

मूलभूत संशोधनाला असे प्रश्न विचारावेत का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. रॉबसन यांना १९८९ मध्ये ‘याचा उपयोग काय, किंमत किती’ असे विचारले असते, तर हे क्षेत्र जन्मालाच आले नसते. हे खरेच आहे. नव्या रचना शोधणाऱ्याला बाजारभाव विचारू नये. पण ‘हा उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो’ हा निव्वळ कुतूहलाचा निष्कर्ष नाही. तो उपयोगाचा दावा आहे. आणि जो उपयोगाचा दावा करतो, त्याला टिकाऊपणाचा हिशेब मागणे यात गैर काही नाही.

एमओएफच्या इतर उपयोगांत हा हिशेब मांडला गेला, तिथे यशही आले. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात विकसित झालेला ‘सीएएलएफ-२०’ कार्बन डायऑक्साइड पकडतो. साठवण क्षमतेत तो विक्रमवीर नाही. पण तो वाफेत टिकतो, कच्चा माल स्वस्त आहे आणि बनवण्याची पद्धत सोपी आहे. म्हणूनच सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याची चाचणी होऊ शकली आणि ‘बीएएसएफ’सारखी कंपनी त्याच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात उतरली. पृष्ठभागाच्या शर्यतीत मागे असलेला पदार्थ कारखान्यात पुढे गेला. उत्प्रेरणातल्या संशोधकांनी घ्यायचा धडा हाच आहे.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत औषधे आणि विशेष रसायनांचे कारखाने आहेत. शेल्डन यांच्या तक्त्यात सर्वाधिक कचरा दाखवणारे क्षेत्र नेमके हेच. या वसाहतींच्या आसपासच्या खाड्या, नद्या आणि विहिरींच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता वाढवणे गरजेचे आहेच. पण कचरा मुळातच कमी तयार व्हावा, यासाठी उत्प्रेरकाइतके प्रभावी साधन दुसरे क्वचितच असेल.

यासाठी लागणारे मनुष्यबळ राज्यात आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत एमओएफवर संशोधन चालते. तिथून जवळच असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, १९८०च्या दशकात ‘एन्सिलाइट’ हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले आणि ते देशातील उद्योगात वापरले गेले. सच्छिद्र पदार्थ प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचा धडा पुण्याने एकदा गिरवलेला आहे. त्यात रसायनशास्त्रज्ञांइतकाच वाटा असतो तो रासायनिक अभियंत्यांचा आणि जोखीम घेणाऱ्या कंपन्यांचा.

पैशांचे निमित्तही जुळून आले आहे. एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. उद्योगांनी संशोधनात उतरावे, हा तिचा हेतू आहे. अशा निधीतून उत्प्रेरकांच्या प्रकल्पांना पैसे देताना चार प्रश्न आधीच विचारले जावेत. शंभर तास सलग काम केल्यावर वेग किती उरला? उत्पादनात धातू किती उतरला? एक किलो एमओएफ बनवताना किती किलो द्रावक लागले? आणि प्रत्यक्ष कारखान्यातला, अशुद्ध कच्चा माल वापरल्यावर काय झाले? उत्तरे निराशाजनक आली, तरी ती प्रसिद्ध करण्याची मुभा संशोधकांना हवी. कुठली जाळी कुठे तुटते, ही माहितीही पुढच्या माणसाची दोन वर्षे वाचवते.

नोबेलने एमओएफच्या रचनेतल्या कल्पकतेवर शिक्कामोर्तब केले आहे. त्यात राहणाऱ्या उत्प्रेरकाची परीक्षा अजून व्हायची आहे. ती होईल एखाद्या औषध कारखान्याच्या अभिक्रियापात्रात, पाचव्या नव्हे तर पाचशेव्या फेरीला. त्या फेरीनंतर गाळलेल्या द्रवात धातू सापडला नाही आणि कारखान्याबाहेरच्या नाल्यात जाणारे सांडपाणी कमी झाले, तर ते यश कोणत्याही विक्रमी पृष्ठभागापेक्षा मोठे असेल.